स्वयंपाकघराचा श्वासोच्छ्वास

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी लेख लिहायचा म्हणजे लसीकरण, बाळाचा आहार किंवा परीक्षेचा ताण यांपैकी काहीतरी असणार, अशी वाचकांची अपेक्षा असते. या वेळी मी स्वयंपाकघरातील हवेविषयी लिहीत आहे. विषय गृहसजावटीच्या मासिकात शोभावा असा वाटेल. परंतु माझ्यापर्यंत तो एका लहान रुग्णाच्या केसपेपरवरून आला.

वाघोडियाला माझा दवाखाना आहे, त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. बडोद्याच्या पूर्वेस असलेले हे तालुक्याचे गाव. एका अंगाला शेती, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत. कारखान्यांच्या निमित्ताने खानदेशातून आलेली काही मराठी कुटुंबे इथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका कुटुंबातील तीन वर्षांचा मुलगा एकाच हिवाळ्यात चार वेळा धाप लागून माझ्याकडे आला. घरात कोणी विडी-सिगारेट ओढते का, भिंतींना ओल आहे का, कुत्रे-मांजर आहे का, आईवडिलांपैकी कोणाला दमा आहे का, हे सर्व मी रीतसर विचारले. सर्वांचे उत्तर नाही. स्पेसरसह इनहेलर सुरू केला, तो कसा द्यायचा हे आईकडून दोनदा करवून घेतले. तरीही मूल पाचव्यांदा आलेच.

पुढे त्याच्या वडिलांनी सत्यनारायणाच्या पूजेला आग्रहाने बोलावले म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. दारातून आत पाऊल टाकताच मला ठसका लागला. एकच खोली, कोपऱ्यात ओटा, ओट्यावर गॅसची शेगडी. एका बाजूला पुऱ्या तळणे चालू होते, दुसऱ्या बाजूला मिरच्यांची फोडणी नुकतीच पडली होती. शेगडीपासून चार फुटांवर माझा रुग्ण खाटेवर बसून खेळत होता. भिंतीत वरच्या अंगाला एक्झॉस्ट पंखा होता. पण तो बंद होता आणि त्याच्या तोंडाशी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कोंबलेला होता.

मी कारण विचारले. मुलाची आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पंखा लावला की सगळा वास शेजारच्या काकूंच्या ओसरीत जातो. मग त्यांची बोलणी खावी लागतात. त्यापेक्षा बंदच बरा."

मी इतके प्रश्न विचारले होते. त्यात 'स्वयंपाक कुठे करता आणि त्याचा धूर कुठे जातो' हा एक प्रश्न नव्हता.

वास्तविक हा प्रश्न आपल्या व्यवसायाला नवीन नाही. डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली दिल्लीतील फुप्फुसजन्य हृदयविकाराच्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांमध्येही हा विकार लक्षणीय प्रमाणात का आढळावा, याचा विचार करताना त्यांचे लक्ष चुलीच्या धुराकडे वळले होते. दुसरा महत्त्वाचा अभ्यास तर आपल्या गुजरातमधलाच. कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी यंत्रे बसवली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार स्वयंपाकाच्या वेळी हवेतील धूलिकणांचे सरासरी प्रमाण दर घनमीटरला सुमारे ७००० मायक्रोग्रॅम इतके होते. आज बाहेरच्या हवेतील सूक्ष्म कणांसाठी आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ सुचवली आहे. दोन्ही मोजमापे तंतोतंत एकाच प्रकारची नाहीत, हे खरे. पण अंतर किती आहे हे समजण्यास तेवढे पुरे.

गॅस आला आणि डोळ्यांना दिसणारा धूर गेला. १९७० च्या दशकात महानगरपालिकेने नळीने गॅस पुरवायला सुरुवात केल्यापासून बडोद्यातील गृहिणींना त्याची सवय आहे, आणि २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे खेड्यांतही सिलिंडर पोचले. हे मोठेच पाऊल आहे. परंतु निळ्या, स्वच्छ दिसणाऱ्या ज्योतीच्या उष्णतेतही हवेतील नायट्रोजन आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो श्वासनलिकांना दाहक असतो. ४१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतील मुलांमध्ये दम्याचे प्रमाण ४२ टक्क्यांनी अधिक आढळले. असा संबंध म्हणजे सिद्ध कारण नव्हे, हे मी सहव्यावसायिकांना सांगण्याची गरज नाही. उलट बाजूने, तामिळनाडूसह चार देशांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली आले. लाकूडफाट्याऐवजी गॅस दिल्याने तान्ह्या बाळांतील गंभीर न्यूमोनिया लक्षणीय कमी झाला, असे त्यात दिसले नाही. इंधन बदलल्याने सर्व काही साधत नाही, एवढा बोध यातून घ्यावा. शिवाय तापलेल्या तेलाचे सूक्ष्म थेंब आणि मिरचीचा खाट हे इंधनातून येतच नाहीत. ते कढईतून येतात. विजेची शेगडी घेतली तरी फोडणी ही फोडणीच राहते.

लहान मुलाला याचा त्रास अधिक का होतो? तान्हे मूल मिनिटाला चाळीसच्या आसपास श्वास घेते, आपण पंधरा-सोळा. वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक हवा आत घेते. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अवरोध सोळापट होतो, त्यामुळे थोडी सूजही त्याला जड जाते. आणि आई स्वयंपाकघरात असेल तिथेच मूलही असते.

पूजेहून परतलो त्या रात्री मी पत्नीला विचारले, "आपली चिमणी तू रोज लावतेस ना?"

ती म्हणाली, "अहो, लावली की तुम्हीच बाहेरून ओरडता, बातम्या ऐकू येत नाहीत म्हणून. मग मी बंद करते."

मी निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रथमच ती चिमणी नीट पाहिली. बसवणाऱ्या कारागिराने तिची घडीची नळी तीन वळणे घेऊन माळ्याच्या मागे नेली होती आणि तिचे तोंड कपडे वाळत घालण्याच्या बंद जागेत सोडले होते. म्हणजे स्वयंपाकघरातून काढलेला धूर आम्ही घरातच साठवत होतो.

त्या दिवशी मला आईची फार आठवण झाली. दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघर मागच्या अंगाला होते. आधी चूल, मग कोळशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह. चुलीच्या काळात छपराला धूर जाण्यासाठी धुराडे होते. स्टोव्ह आला, चूल गेली, तेव्हा पावसाचे पाणी गळते म्हणून ते बुजवून टाकण्यात आले. आई आयुष्यभर सकाळी खोकत असे. मी एम.डी. झाल्यावर तिच्या छातीचे फोटो काढले, फवारे दिले, थंड ताक पिऊ नकोस म्हणून रागावलो. ती फोडणी घालत असताना तिच्या शेजारी पाच मिनिटे मात्र कधी उभा राहिलो नाही. तिचा खोकला धुरामुळेच होता, असे मी आज छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण विचारायचे राहून गेले, ही टोचणी आहे.

यानंतर स्वयंपाकघर नव्याने करताना मी जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो. सारांश डॉक्टरांना सहज पटेल असा आहे: उच्छ्वासासाठी आधी श्वास लागतो. धूर बाहेर जावा असे वाटत असेल तर तितकीच ताजी हवा आत येण्यास वाट हवी. बहुतेक घरांत पंखा असतो, पण दारे-खिडक्या बंद असतात. पंखा फिरतो आणि हवा हलत नाही.

पहिला विचार जागेचा. शेगडी शक्यतो बाहेरच्या भिंतीलगत असावी, म्हणजे नळी आखूड राहते. ती थेट खिडकीखाली नसावी. वाऱ्याच्या झोताने ज्योत विझते आणि धूर खोलीभर पसरतो. पंखा शेगडीच्या वर, भिंतीत जितका उंच बसेल तितका बसवावा आणि हवा आत येणारी खिडकी समोरच्या बाजूस असावी. दोन्ही शेजारीशेजारी असतील तर खिडकीतली हवा लगेच पंख्यातून बाहेर जाते आणि धूर जागीच राहतो.

दुसरा विचार मापाचा. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच स्वयंपाकघरात सुमारे २३ घनमीटर हवा असते. स्वयंपाकाच्या वेळी ती तासाला पंधरा वेळा बदलावी असे धरले, तर ताशी सुमारे ३४५ घनमीटर हवा ओढणारे साधन लागते. दुकानात चिमणीवर १००० किंवा १२०० हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. नळी जोडल्यावर आणि वळणे आल्यावर तो बराच घटतो. म्हणून थोडी अधिक क्षमता घ्यावी, पण निव्वळ आकड्यामागे लागू नये. चिमणी शेगडीइतकी रुंद असावी आणि शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर उंचीवर असावी. स्वयंपाकघर दिवाणखान्याला खुले असेल तर हिशेब दोन्ही जागा मिळून करावा.

तिसरा विचार नळीचा, आणि घोटाळा बहुधा इथेच होतो. नळी सहा इंचांची, शक्य तितकी आखूड व सरळ असावी. मध्येच चार इंचांची करू नये. तिचे तोंड उघड्या हवेत, शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर असावे आणि त्यावर पाऊस व पाखरे अडवणारी झाकण-जाळी असावी. नळीविना चालणाऱ्या चिमण्या हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडतात. त्यांनी तेलकटपणा आणि वास कमी होतो, पण ज्योतीतून निघणारे वायू घरातच राहतात.

चौथा विचार सुरक्षिततेचा. दारे-खिडक्या बंद ठेवून जोरदार चिमणी चालवली तर ती कुठूनतरी हवा ओढणारच. जवळच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर त्याचे वायू उलट घरात येऊ शकतात, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. नळीने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताशी साठतो. त्यामुळे हवेची वाट खाली आणि वर, दोन्हीकडे हवी. गॅसचा वास आला तर पंख्याचे किंवा चिमणीचे बटण मुळीच दाबू नये. गॅसची खिट्टी बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर पडावे.

पाचवा विचार वापराचा. चिमणी शेगडी पेटवण्याआधी लावावी आणि स्वयंपाक संपल्यावरही दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावी. जाळी महिन्यातून एकदा तरी गरम पाणी व सोड्याने धुवावी. साचलेले तेल पेटू शकते. निवडताना आवाज स्वतः ऐकून घ्यावा. जी चिमणी कर्कश म्हणून बंद राहते, तिची क्षमता शून्य.

ज्यांच्याकडे अजूनही चूल पेटते, त्यांनाही उपाय आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४० च्या दशकात धूर नळीवाटे बाहेर नेणारी 'मगन चूल' तयार झाली, म्हणजे ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. छपराच्या वर निघणारी नळी, वाळलेले सरपण, भिंतीत वर-खाली झरोके आणि मुलाची झोपायची जागा दुसरीकडे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

त्या तीन वर्षांच्या मुलाच्या घरमालकाला मी स्वतः भेटलो. पंख्याच्या तोंडाला पत्र्याची नळी लावून ती छपराच्या वर काढण्यास तो तयार झाला. काकूंची तक्रार मिटली, पुठ्ठा निघाला, खाट दाराशी सरकली. पुढच्या हिवाळ्यात मूल एकदाच आले. एका रुग्णावरून सिद्धांत मांडू नये. इनहेलर चालू होता आणि मूल वर्षाने मोठेही झाले होते. तरी तेव्हापासून माझ्या केसपेपरवर तीन प्रश्न कायमचे छापलेले आहेत: स्वयंपाक कशावर होतो? धूर कुठून बाहेर जातो? त्या वेळी मूल कुठे असते? माझ्या सहव्यावसायिकांनीही ते विचारावेत, अशी विनंती आहे. वेळ अर्धा मिनिट लागतो आणि तपासणीचा खर्च काही नाही.

आमच्या घरची नळी आता सरळ भिंतीतून बाहेर जाते आणि बातम्या मी स्वयंपाक झाल्यावर ऐकतो.