धानाच्या जिल्ह्यातील न दिसणारी उपासमार

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात आंबागडचा किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजा खान पठाण याने तो १७००च्या सुमारास बांधला. नागपूरकर भोसल्यांच्या काळात त्याचा तुरुंग झाला. तेथील विहिरीचे दूषित पाणी पाजून कैद्यांना झिजवीत, अशी आख्यायिका आहे. माणसाला झिजविण्यास तुरुंग आणि पहारेकरी लागतो, असा आपला समज. महाविद्यालयीन वयात डोके वर काढणारे आहारविकार हा समज खोटा ठरवितात. येथे पहारेकरी मनातच ठाण मांडून बसलेला असतो.

हे आजच्या फॅशनचे खूळ आहे, असे म्हणणे सोपे आहे. पण ते खरे नव्हे. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग यांनी १८७३ मध्ये, स्वतंत्रपणे, अन्न वर्ज्य करीत खंगत जाणाऱ्या तरुणींचा विकार वर्णिला. अधाशीपणे खाऊन मग ओकारी काढण्याच्या विकाराला जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये नाव दिले. मनोविकारांत सर्वाधिक प्राणघातक ठरणाऱ्यांत पहिल्या विकाराची गणना होते.

धान पिकविणाऱ्या आंबागडसारख्या गावांना याचे काय, असा प्रश्न कोणी करील. वस्तुतः अशाच ठिकाणी हा विकार सहज लपतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जेथे कृश मुलगी ही नित्याची गोष्ट, तेथे तिच्या कृशतेचे कारण कोण विचारणार? त्यात उपवासाला आपल्याकडे मान आहे. सोमवार, चतुर्थी, एकादशी यांच्या आड रोजचे न जेवणे खपून जाते. शिक्षणासाठी तुमसर, भंडारा वा नागपूर गाठलेल्या विद्यार्थ्याच्या ताटाकडे पाहणारे घरचे कोणी जवळ नसते. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. पिळदार देहाच्या हव्यासापायी जेवणाची धास्ती घेणारे तरुणही असतात.

याला हट्ट म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग आठवावा. १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते चिडखोर व एकलकोंडे झाले. पाककृतींची पुस्तके वाचू लागले. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांना खाण्याचे भान राहिले नाही. तात्पर्य, उपासमार मनालाही ग्रासते. अशा मनाला रागावून वा उपदेश करून वळविता येत नाही.

मग करावे काय? प्रथम, वजनावरची थट्टा वर्गातून आणि वसतिगृहातून हद्दपार व्हावी. "किती वाळलीस!" हे उद्गारही रुग्णाला शाबासकीसारखे वाटतात. विद्यार्थी पंगत टाळू लागला, जेवताच न्हाणीघराकडे धावू लागला, वारंवार चक्कर येऊ लागली, मुलीची पाळी थांबली, तर शिक्षकाने वा मित्राने एकांतात, देहाविषयी न बोलता, "तुला बरे वाटत नाही का?" एवढेच विचारावे आणि ऐकून घ्यावे. वारंवार ओकाऱ्यांनी रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घालणेही घातक ठरते. आहार वैद्यकीय देखरेखीखालीच वाढवावा.

घरच्यांना दोषी धरू नये. लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या उपचारपद्धतीत आईवडिलांनाच उपचाराचे भागीदार केले जाते. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क ठरला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. हा क्रमांक प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर असावयास हवा.

या विकारातून मुले बरी होतात. पण त्यास महिने, कधी वर्षे लागतात. त्या काळात हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेला मुकविणे म्हणजे बरे होऊ पाहणाऱ्याला पुन्हा मागे लोटणे होय. वर्गातील गैरहजेरी आपण काटेकोरपणे नोंदवितो. खानावळीतील गैरहजेरीकडेही कोणाचे तरी लक्ष असले पाहिजे.