दोह्याच्या रेडिओवर मराठी का नाही?



मागील वर्षी मुंबईला एका लग्नकार्यासाठी जाताना आम्ही उभयतांनी वाटेत कतार देशाच्या राजधानीत, दोह्यात, चार दिवस मुक्काम केला. विमानतळावरून टॅक्सीत बसलो. भाडे किती होईल याची काळजी होती. चालकाला कळू नये म्हणून आम्ही दोघे हळू आवाजात मराठीत बोलू लागलो. तोच तो पुढून हसून म्हणाला, "काका, मीटरप्रमाणेच घेईन, घाबरू नका."

आमची चांगलीच फजिती झाली! तो चिपळूणच्या बाजूचा, कोकणी मुसलमान निघाला. आमचे पणजोबाही रत्नागिरी जिल्ह्यातून मॉरिशसला आलेले, हे कळताच त्याने गाडीचा रेडिओ बारीक केला आणि गप्पा सुरू झाल्या. रेडिओवर मल्याळम भाषेत कोणी तरी भराभर बोलत होते. "तुम्हांला ही भाषा कळते?" आम्ही विचारले. "सतरा वर्षे झाली इथे. ऐकून ऐकून कळायला लागली," तो म्हणाला. "आणि मराठी?" "मराठी रेडिओवर कुठली, काका! मराठी ऐकावीशी वाटली की घरी फोन लावतो."

हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. ज्या गावात हजारो मैलांवरून आलेल्या मल्याळी माणसाला स्वतःचे रेडिओ केंद्र मिळते, तेथे मराठी माणसाला का मिळू नये? या प्रश्नाच्या मागे लागून कतारच्या रेडिओचा जो इतिहास आम्ही जाणून घेतला, तो आपणापुढे ठेवीत आहोत. त्यात आपल्या बेटावरील मराठी कुटुंबांनी विचार करावा असे पुष्कळ आहे.

मोत्यांचा देश

कतार हे अरबस्तानच्या कडेला समुद्रात शिरलेले एक सपाट, रेताड द्वीपकल्प आहे. तेल सापडण्यापूर्वी तेथील लोक समुद्रातून मोती काढीत आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती ती आपली मुंबई. व्यवहार रुपयांत चाले. १९५९ साली भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला, तो कतारमध्ये १९६६ पर्यंत चालत होता. दुखान येथे १९३९ साली तेल लागले, पण महायुद्धामुळे त्याची निर्यात १९४९ साली सुरू झाली.

त्या काळी कतारला स्वतःचे रेडिओ केंद्र नव्हते. ज्यांच्या घरी रेडिओ होता ते बाहेरचे ऐकत. लंडनच्या बी.बी.सी.ने १९३८ साली अरबी कार्यक्रम सुरू केले होते. पुढे १९५३ पासून कैरोहून 'सौत अल्-अरब' म्हणजे 'अरबांचा आवाज' ऐकू येऊ लागला. बातमी आपल्या घरची असो वा जगाची, ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची, अशी ती स्थिती होती.

२५ जून १९६८ रोजी दोह्याचे स्वतःचे केंद्र अरबी भाषेत बोलू लागले. देश स्वतंत्र झाला तो ३ सप्टेंबर १९७१ रोजी. म्हणजे राष्ट्राला स्वातंत्र्य मिळण्याच्या तीन वर्षे आधी आवाज मिळाला! स्वातंत्र्याच्याच वर्षी इंग्रजी कार्यक्रम सुरू झाले, १९८० साली उर्दू आणि १९८५ साली फ्रेंच.

कोणती भाषा कधी आली हे पाहिले की त्या देशात कोण कोण आले ते कळते. इंग्रजी तेलकंपन्यांच्या साहेबलोकांची आणि कचेऱ्यांची. उर्दू ही पाकिस्तानातून आणि हिंदुस्थानातून आलेल्या कामकरी माणसांना सामायिक समजणारी. ही भाषा अशी की एकाच वेळी पेशावरचा गवंडी आणि आपल्या कोकणातला चालक दोघांनाही बातमी कळावी. त्यात हिंदी सिनेमाची गाणी लागली की मग भाषेचा प्रश्नच उरत नाही!

लहरींचे गणित

येथे रेडिओच्या लहरींविषयी थोडे सांगितले पाहिजे. दोह्याचे अरबी केंद्र पुष्कळ वर्षे ९५४ किलोहर्ट्झ या मध्यम लहरीवर ऐकू येई. मध्यम लहर दिवसा जमिनीलगत चालते आणि खाऱ्या पाण्यावरून ती फार दूर जाते. रात्री वातावरणाच्या अगदी वरच्या थरावर आदळून ती परत खाली येते, म्हणून शेकडो मैलांवरचे केंद्र रात्री स्पष्ट लागते. याउलट एफ.एम. लहर सरळ रेषेत जाते. डोंगर आडवा आला की संपले. आपल्याकडे कोर द गार्द किंवा मोक्याच्या डोंगरामागे राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. कतार मात्र तळहातासारखे सपाट आणि बहुतेक वस्ती दोह्यात व आसपास. त्यामुळे एफ.एम. आल्यावर तेथे थोड्या खर्चात बहुतेक सर्व श्रोत्यांपर्यंत पोहोचता येऊ लागले. उर्दू केंद्र १०७ मेगाहर्ट्झवर आले, इंग्रजी ९७.५ वर.

दरम्यान देशाचे रूपच पालटले. १९८६ च्या जनगणनेत कतारची लोकसंख्या ३ लाख ६९ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती २८ लाखांवर गेली. त्यांत मूळ कतारी थोडे, बाकी सारे पोटासाठी आलेले. एकट्या भारतीयांचीच संख्या सात लाखांहून अधिक धरली जाते आणि त्यांत केरळचे लोक फार मोठ्या प्रमाणात आहेत.

मल्याळी माणसाने काय केले?

या केरळी मंडळींना सरकारी रेडिओवर स्वतःची भाषा नव्हती, तरी ते स्वस्थ बसले नाहीत. आकाशवाणीच्या परदेशी सेवेत मल्याळम होती, ती ते लघुलहरींवर ऐकत. १९९९ पासून आखातातच छापलेले त्यांचे 'गल्फ माध्यमम्' हे दैनिक निघू लागले. म्हणजे वाचणारा, ऐकणारा आणि त्यासाठी पदरचे पैसे मोजणारा वर्ग आधी तयार झाला. २०१७ साली कतारमध्ये खासगी केंद्रे निघाली, तेव्हा त्या वर्षअखेरीस ९८.६ वर 'रेडिओ मल्याळम' आणि ९१.७ वर 'रेडिओ सुनो' ही मल्याळम केंद्रे उभी राहिली. हिंदीसाठी १०६.३ वर 'रेडिओ ऑलिव्ह' आले.

खासगी केंद्र जाहिरातीवर जगते. दुकानदार, दवाखाने, घरी पैसे पाठवणाऱ्या पेढ्या यांना मल्याळी गिऱ्हाईक हवे आणि त्या गिऱ्हाइकाला त्याच्याच भाषेत हाक मारली की ते येते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

आता मराठी माणसाकडे वळू. आकाशवाणीच्या परदेशी सेवेत गुजराती होती, तामिळ होती, तेलुगू होती, मल्याळम होती. मराठीला त्यात जागा नव्हती. दोह्यात महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सव होतो, मराठी माणूस मराठी माणसाला भेटून आनंदित होतो. पण रेडिओ केंद्र नाही. कारण काय? आमच्या मते कारण संख्येपेक्षा सवयीत आहे. मराठी माणसाला हिंदी समजते, उर्दूही बऱ्यापैकी समजते. तो चटकन दुसऱ्याच्या भाषेत शिरतो. मग जाहिरातदार म्हणतो, ज्याचे काम हिंदीत भागते त्याच्यासाठी मराठीत वेगळा खर्च का करावा? आपला हा समजूतदारपणाच आपल्या भाषेच्या आड येतो.

कोणी म्हणेल, गाणी काय, फोनवरही ऐकता येतात. खरे आहे. पण रेडिओ केवळ गाण्यांसाठी नसतो. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ पसरली तेव्हा दोह्याच्या औद्योगिक भागाचा मोठा हिस्सा बंद करण्यात आला आणि हजारो कामगार आत अडकले. अशा वेळी कोठे जावे, काय खावे, कोणाला विचारावे हे स्वतःच्या भाषेत सांगणारा आवाज म्हणजे आधार असतो. १९६० चे कॅरोल आणि १९७५ चे जर्वेज वादळ ज्यांनी पाहिले त्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे पटेल. दारे-खिडक्या ठोकून, बॅटरीच्या रेडिओभोवती घर बसलेले असे आणि फ्रेंच न कळणारी आजी नातवाला पुन्हा पुन्हा विचारी, "काय म्हणाला रे? वारा वाढणार का?"

आपली मिळकत

आपल्या मॉरिशसमध्ये रेडिओ १९४४ पासून सरकारी आहे, १९६४ साली ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झाले आणि इतर भाषांबरोबर मराठीलाही तेथे वेळ मिळाला. सात समुद्रांपलीकडे, महाराष्ट्रापासून इतक्या दूर, सरकारी रेडिओवरून मराठी ऐकू येणे ही लहान गोष्ट नव्हे. दोह्यातील लोकांना ती मिळालेली नाही. २००२ पासून आपल्याकडेही खासगी केंद्रे आली. त्यांचेही पोट जाहिरातीवर आणि तेथेही गणित दोह्याचेच. क्रेओलमध्ये काम भागत असेल तर मराठीसाठी कोण थांबेल?

रेडिओला मोठे भांडवलच लागते असेही नाही. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे २००८ पासून 'माणदेशी तरंग' हे छोटे केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर गावच्या लोकांशी, विशेषतः बायाबापड्यांशी, त्यांच्याच बोलीत बोलू लागले. त्याचे यंत्र लहान, पल्ला थोडा. पण ऐकणारे आपले आणि बोलणारेही आपले. भाषेला यापेक्षा अधिक काय हवे?

आम्ही टॅक्सीतून उतरलो तेव्हा त्या चिपळूणकर भावाने भाडे मीटरप्रमाणेच घेतले. पिशव्या दारापर्यंत आणून ठेवल्या आणि जाता जाता विचारले, "काका, तुमच्याकडे रेडिओवर मराठी लागते?"

"लागते," आम्ही अभिमानाने म्हणालो.

"मग काय, तुम्ही रोज ऐकत असाल!"

वाचकहो, खरे सांगायचे तर आम्हांला उत्तर सुचले नाही. शेवटचा मराठी कार्यक्रम केव्हा ऐकला ते आठवेना. आपणांपैकी किती जणांना आठवेल? मुंबईहून परतल्यावर आम्ही घरात नेम केला आहे. मराठीची वेळ झाली की रेडिओ लावायचा, मुलांना जवळ बसवायचे, एखादा शब्द अडला तर आजीला विचारायचा. कार्यक्रम आवडला तर तसे कळवायचे, नाही आवडला तरी कळवायचे. ऐकणारे आहेत हे बोलणाऱ्याला समजले तरच तो बोलत राहतो. आपणही आपल्या घरी असे करावे, एवढीच आमची विनंती.