क्रूझर घेताय? आधी ढकलून बघा!
खाली सीट, पुढे पाय आणि फुल रुबाब... क्रूझरचं वेड मलाही आहेच. पण ३५० की ६५०? पुण्यात राहणाऱ्या, होम लोनचा हप्ता भरणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न लग्नाइतकाच गंभीर!

रॉयल एनफिल्डच्याच दोघी घ्या. मेटिऑर ३५० : ३४९ सीसी, २० बीएचपी, १९१ किलो. सुपर मेटिऑर ६५० : ६४८ सीसी, ४६ बीएचपी, २४१ किलो. ताकद दुपटीहून जास्त, पण वजनही ५० किलोंनी अधिक. हायवेवर ते जाणवत नाही. सिग्नलला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र घाम काढतं. त्यात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर बाइकला बंदीच. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्यावरच्या गाड्यांना थेट ४०!

माझा फंडा साधा : आठवड्यातले पाच दिवस गाडी कुठे धावते, त्यावर सीसी ठरवा. मी ३५० घेतली. वाचलेल्या पैशांत दोघांना चांगली हेल्मेट आणि जॅकेट आली. दर वीकेंडला डबलसीट, सामानासकट लांब जाणार असाल, तर ६५० बिनधास्त घ्या. फक्त टेस्ट राइडनंतर इंजिन बंद करून ती दहा पावलं मागे ढकला. उत्तर मिळेल, बॉस!