लिनक्सवर वेबसाइटला द्या स्वतःची वेगळी विंडो

ऐरोलीत आमच्या घरी आई टिफिन करते. माइंडस्पेसमध्ये नोकरी करणारी पीजीतली मुलं तिला व्हॉट्सॲपवर ऑर्डर देतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा घरच्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट टाकलं. आई त्यावर व्हॉट्सॲप वेब वापरायला लागली. एकदा टॅबच्या गर्दीत तिच्याकडून नेमका तोच टॅब बंद झाला. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला! सहा डब्यांच्या ऑर्डर कळल्या तेव्हा भात कधीच उतरला होता.

व्हॉट्सॲपचं लिनक्ससाठी अधिकृत ॲप नाही. मग उपाय काय? वेबसाइटलाच ॲपसारखी विंडो द्यायची. त्यात टॅब नाहीत, ॲड्रेस बार नाही, आणि खाली पॅनेलवर वेगळा आयकॉन. फोनवर क्रोममधून ‘ॲड टू होम स्क्रीन’ करतो ना, तसंच काहीसं.

मिंटवर कसं करायचं?

१. मेनूमध्ये ‘वेब ॲप्स’ उघडा. (जानेवारी २०२१ च्या मिंट २०.१ पासून हे सोबतच येतं.)
२. अधिकचं बटण दाबून नाव आणि वेबसाइटचा पूर्ण पत्ता टाका.
३. आयकॉन आणि ब्राउझर निवडा, ओके करा.

झालं! आता हे ‘ॲप’ मेनूमध्ये दिसेल.

दुसरं डिस्ट्रो असेल तर?

टर्मिनलमध्ये क्रोमियमच्या कमांडपुढे एक स्पेस, मग दोन हायफन, ‘ॲप’ हा इंग्रजी शब्द, बरोबरचं चिन्ह आणि पूर्ण पत्ता, हे सगळं सलग लिहा. क्रोमियम त्या साइटची साधी विंडो उघडतो.

हे लक्षात ठेवा

- यामुळे रॅम वाचत नाही. आत ब्राउझरचं इंजिन तेच असतं. ‘आयसोलेटेड प्रोफाइल’ चालू केलंत तर लॉगिन आणि कुकीज वेगळ्या राहतात, पण रॅम जास्त लागते आणि क्यूआर कोड पुन्हा स्कॅन करावा लागतो. ४ जीबी असेल तर ते बंदच ठेवा.
- नोटिफिकेशनची परवानगी द्या आणि विंडो बंद न करता मिनिमाइझ करा. ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’मध्ये टाकलंत तर लॅपटॉप सुरू होताच ती उघडेल.
- सगळ्यात महत्त्वाचं: ॲड्रेस बार नसल्यामुळे साइट खरी की खोटी, ते पटकन कळत नाही. म्हणून पत्ता टाकतानाच नीट तपासा. बँकेसाठी मात्र नेहमीचा ब्राउझरच बरा.

आईच्या पॅनेलवर आता तो हिरवा आयकॉन कायम असतो. बाकीचे टॅब ती बिनधास्त बंद करते. तुमच्या घरीही एखादा जुना लॅपटॉप पडून असेल, तर करून बघा!