बांबू : बेटापासून कारखान्यापर्यंत – लेखांक ९ : स्टार्च, भुंगेरा आणि तोडणीचा हंगाम

बांबूला पुनर्निर्मितीक्षम कच्चा माल म्हणताना त्याच्या वाढीच्या वेगाचा उल्लेख हमखास केला जातो. परंतु एखादा माल खरोखर पुनर्निर्मितीक्षम आहे की नाही, हे ठरवण्यासाठी तो पुन्हा तयार होण्याचा काळ आणि त्यापासून बनलेली वस्तू टिकण्याचा काळ हे दोन्ही शेजारी ठेवून पाहावे लागतात. बांबूचा कोंब दोन ते चार महिन्यांत पूर्ण उंची गाठत असला, तरी त्याच्या पेशींच्या भिंतींत लिग्निन हा कठीणपणा आणणारा घटक साठून तो बांधकामाच्या किंवा फर्निचरच्या उपयोगाचा होण्यास तीन ते चार वर्षे लागतात. उलट, कोणतीही प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीत रोवला, तर तो एक ते तीन वर्षांत निकामी होतो आणि छपराखाली कोरडा राहिला, तर सामान्यतः चार ते सात वर्षे टिकतो. म्हणजे रोवलेल्या खांबापुरते बोलायचे, तर बेटातला नवा बांबू पक्व होण्याआधीच जुना खांब संपलेला असतो, आणि अशा वापराला पुनर्निर्मितीक्षम म्हणणे हिशेबात बसत नाही.

या लेखांकात बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा विचार करण्याचे ठरले होते. तो पुढील आठवड्यावर ढकलला आहे. कुडाळ परिसरातील एका वाचकाने, बांबू अमावास्येच्या सुमारास तोडला तर त्याला कीड लागत नाही या समजुतीत तथ्य किती, असे विचारले आहे, आणि या प्रश्नाचा उलगडा झाल्याखेरीज बांबूवर चालणाऱ्या कोणत्याही उद्योगाची चर्चा पुढे नेणे योग्य होणार नाही.

कापलेल्या बांबूतून पिवळसर पीठ गळू लागते, ते प्रामुख्याने डायनोडेरस या प्रजातीच्या भुंगेऱ्यांमुळे. हा भुंगेरा जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा असतो आणि बांबूच्या गुळगुळीत, मेणचट व सिलिकायुक्त सालीतून त्याला सहजी शिरता येत नसल्यामुळे तो कापलेल्या टोकांतून, चिरलेल्या कडांतून किंवा फांद्या छाटल्याच्या जखमांतून आत जातो. बांबूच्या अंतर्रचनेचा पायाभूत अभ्यास करणारे हॅम्बुर्गचे काष्ठशास्त्रज्ञ वॉल्टर लीझे यांनी दाखवल्याप्रमाणे बांबूच्या दांड्यात सुमारे ४० टक्के तंतू, १० टक्के रसवाहिन्या आणि ५० टक्के मृदूतक, म्हणजे अन्न साठवणाऱ्या पातळ भिंतींच्या पेशी असतात. उद्योगाला हवे असतात ते तंतू, तर भुंगेऱ्याच्या अळीला हवा असतो तो मृदूतकात साठलेला स्टार्च, आणि त्याच्या शोधात अळी पोखरत गेली, की तंतूंना धरून ठेवणारा निम्मा भाग पीठ होऊन जातो.

हा स्टार्च वर्षभर सारखा नसतो. बांबूच्या नव्या कोंबाला पाने फुटेपर्यंत स्वतःचे अन्न तयार करता येत नाही, त्यामुळे त्याची सारी वाढ जुन्या दांड्यांत आणि जमिनीखालच्या कंदांत साठलेल्या अन्नावर होते. आपल्याकडे कोंब पावसाळ्यात येतात. म्हणून त्यापूर्वीच्या उन्हाळ्यात साठा भरलेला असतो आणि कोंबांची वाढ पूर्ण झाल्यावर तो उतरणीला लागलेला असतो. या कार्यकारणाचा उत्तम पुरावा फुलोऱ्यातून मिळतो, कारण फुलून बी धरलेल्या बांबूतला स्टार्च जवळजवळ संपलेला असल्याने भुंगेरा त्याच्या वाटेला फारसा जात नाही.

अमावास्येच्या संकेतात वस्तुतः दोन नियम एकत्र आले आहेत. त्यांपैकी पावसाळा सरल्यावर, थंडीच्या महिन्यांत तोडणी करावी, हा नियम वनस्पतीच्या जीवनक्रमाशी पूर्णपणे जुळतो आणि त्याचा लाभही मोठा आहे. पंधरवड्याने पडणारा फरक मात्र प्रयोगांत तितक्या सातत्याने दिसलेला नाही. त्यामुळे वैशाखातल्या अमावास्येला तोडलेल्या बांबूपेक्षा पौषातल्या पौर्णिमेला तोडलेला बांबू अधिक सुरक्षित मानावा. याची परीक्षाही कोणत्याही कार्यशाळेत करता येते : ताज्या कापावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला आणि डाग गडद निळा-काळा झाला, तर त्या बांबूत स्टार्च भरपूर आहे असे समजावे.

तोडणीनंतरच्या पारंपरिक उपायांमागेही हेच तत्त्व आहे. तोडलेला बांबू पानांसकट बेटाला टेकवून काही आठवडे उभा ठेवला, तर जिवंत पेशी आपल्या श्वसनात साठा खर्च करतात. वाहत्या ओढ्यात बुडवून ठेवला, तर विरघळणारी शर्करा धुऊन जाते आणि स्टार्चही कमी होतो. परंतु वर्षभर ठराविक दर्जाचा माल देण्यास बांधील असलेल्या कारखान्याला एवढ्यावर भागवता येत नाही. बांबूत लाकडासारख्या आडव्या किरणपेशी नसल्यामुळे बाहेरून लावलेले औषध आत मुरत नाही, ते रसवाहिन्यांतून लांबीच्या दिशेनेच जाऊ शकते. म्हणून फ्रान्समध्ये ऑग्यूस्त बूशेरी यांनी एकोणिसाव्या शतकात ताज्या लाकडासाठी शोधलेली पद्धत बांबूला लागू करण्यात आली : बुंध्याच्या टोकाला घट्ट टोपी बसवून, पंपाच्या दाबाने बोरिक आम्ल व बोरॅक्स यांचे द्रावण आत लोटले, की दुसऱ्या टोकाने रस बाहेर पडतो. वाहिन्या लवकर बंद होत असल्याने हे काम बांबू ओला असतानाच करावे लागते, आणि बोरॉनचे क्षार पावसात धुऊन जात असल्याने असा बांबू छपराखालीच वापरावा लागतो. फरशा व फळ्या बनवणारे कारखाने बांबूच्या पट्ट्या अशाच द्रावणात उकळतात किंवा दाबाखालील वाफेत ठेवतात; बाजारातल्या बांबूच्या फरशीचा तपकिरी रंग या वाफेने शर्करा करपल्यामुळेच आलेला असतो.

२०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळला गेला, तेव्हापासून शेताच्या बांधावरचा माणगा किंवा कळक केव्हा तोडायचा हे ठरवणे शेतकऱ्याला पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. मात्र खरेदी नगावर किंवा वजनावर होत राहिली, तर थंडीत तोडलेल्या पक्व बांबूला उन्हाळ्यातल्या स्टार्चने भरलेल्या बांबूपेक्षा एक पैसाही अधिक मिळत नाही, आणि हंगाम पाळणाऱ्याचा तोटाच होतो. वय आणि तोडणीचा महिना पाहून दर देणारी खरेदी हा टिकाऊ बांबू उद्योगाचा खरा आरंभ आहे; औषधाचा पंप त्यानंतर येतो.

कागदाच्या बाबतीत हा हिशेब वेगळा आहे, कारण तेथे वस्तूचे आयुष्य मुळातच अल्प असते आणि सारा भार जंगलाने वर्षाला किती बांबू द्यावा या प्रश्नावर येऊन पडतो. बल्लारपूरच्या निमित्ताने पुढील लेखांकात त्याचाच विचार होईल.