पाण्यात मुरलेले पेट्रोल

मंडळी, इंद्रायणीकाठी पेट्रोलविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. पण चिंचवड, तळवडे, चाकण यांच्या मधोमध आपण राहतो. एका गॅरेजच्या कामगारांत माझे बसणे असे. तेथे धुण्याचे पाणी टाकीत साठवून वरचा तवंग काढीत आणि खालचे नितळ पाणी ओढ्याला सोडीत. तेल काढले म्हणजे काम झाले, अशी मालक-कामगार दोघांचीही समजूत होती. खरे म्हणजे माझीही.

तेल तरंगते. पण 2000 साली आपल्या देशातील पेट्रोलमधून शिसे गेले आणि इंजिनातली ठोठो थांबविण्यासाठी इतर पदार्थांचा आधार वाढला. त्यांतलेच एक 'एमटीबीई' नावाचे ईथर. लिटरभर पाण्यात ते 40 ग्रॅमहून अधिक विरघळते. बेंझीन 2 ग्रॅमही नाही. इंद्रायणीने गाथा वर आणून दिली, ही आपली श्रद्धा. हे रसायन मात्र कोणतीच नदी वर आणून देणार नाही.

1996 साली कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला याच ईथरामुळे विहिरी बंद कराव्या लागल्या; शहराचे निम्मे पाणी गेले. हे ईथर जंतू सहसा खात नाहीत, असे तोवर मानीत. पुढे लॉस एंजेलिसजवळच्या सांडपाणी केंद्रातील खताच्या गाळणीत 'पीएम-1' हा जीवाणू सापडला. ईथर हेच त्याचे अन्न! मात्र तो सावकाश वाढतो आणि त्याला प्राणवायू लागतो. कामगाराला कोंदट खोलीत डांबून उत्पादन मागणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. येथे ती लबाडी चालत नाही. म्हणून पोर्ट ह्यूनेमे येथील नौदलाच्या तळावर दूषित भूजलाच्या वाटेत नळ्या रोवून हवा व प्राणवायू सोडला, आणि त्या पट्ट्यातून जाता जाता पाणी शुद्ध होऊ लागले.

आज आपल्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जंतूंना गोड लागते. पण गळती झाली की जंतू आधी त्यावरच तुटून पडतात, जमिनीतला प्राणवायू संपवितात आणि विषारी बेंझीन तसेच मागे राहते. नदीतही हाच हिशेब. मैल्याने प्राणवायू आधीच खाल्ला असेल, तर हे जंतू काय करणार?

हे सारे मी त्या गॅरेजमध्ये सांगितले. एका पोराने विचारले, "मग टाकीत हवा किती दिवस सोडायची?" मी म्हटले, दिवस मोजून भागणार नाही, पाणी तपासून घ्यावे लागेल. आणि नुसते ईथर तपासून चालायचे नाही. ते मोडताना मध्येच 'टीबीए' नावाचा अल्कोहोल तयार होतो, तोही संपलेला दिसला पाहिजे. तोवर ओढ्याकडची तोटी बंद.