थुंकू नका, तपासा!

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये 'थुंकी' हा शब्दसुद्धा घाणेरडा मानला जायचा. मराठीतही लाळघोट्याला काही मान नाही. पण मित्रांनो, हीच लाळ डॉक्टरांच्या आणि जनावरांच्या डॉक्टरांच्या फार कामाची आहे.

लाळेत सुमारे 99 टक्के पाणी असतं. खरी गंमत उरलेल्या एका टक्क्यात! लाळग्रंथींभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रक्तातली काही हार्मोन्स आणि थोड्या अँटिबॉडीज तिथून लाळेत उतरतात. म्हणजे लाळ ही रक्ताची झेरॉक्सच समजा, फक्त जरा फिकट.

ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं. ते मोजायला सुई टोचली तर त्या भीतीनेच ते आणखी वाढू शकतं! त्यापेक्षा कापसाचा बोळा चघळायला देणं सोपं. कुत्र्यांचा ताणही असाच मोजतात. अमेरिकेत डुकरांच्या वाड्यात सुती दोर टांगतात. डुकरं तो आवडीने चघळतात. नंतर दोर पिळला की वाड्यातल्या सगळ्यांचं सॅम्पल एकदम हातात. आपल्या शेतकऱ्यांनी तर जनावराच्या तोंडची लाळ बघून रोगाचं नावच 'लाळ्या-खुरकूत' ठेवलंय.

आता फिकट झेरॉक्सचा तोटा बघू. 2012 साली अमेरिकेत घरी करायच्या एचआयव्ही चाचणीला परवानगी मिळाली. हिरड्यांवरून पट्टी फिरवायची, 20 मिनिटांत उत्तर. ती विषाणू नाही, तर अँटिबॉडीज शोधते. पण परवानगीआधीच्या अभ्यासात बाधा झालेल्या साधारण 12 पैकी एकाला ती 'निगेटिव्ह' सांगून गेली. बाधा नुकतीच झाली असेल तर अँटिबॉडीजच पुरेशा तयार झालेल्या नसतात. म्हणून 'पॉझिटिव्ह' आलं तर लॅबमध्ये खात्री करायची आणि 'निगेटिव्ह' आलं तरी शंका असल्यास काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं.

रेबीजमध्ये तर हा मुद्दा जिवावरचा आहे. रेबीज झालेल्याच्या लाळेत विषाणू कधी सापडतो, कधी नाही. त्यामुळे लाळेच्या एका 'निगेटिव्ह'वर विसंबता येत नाही. मेसमागचं कुत्रं चावलं तर कुठल्याही रिपोर्टची वाट बघू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

लाळ 'हो' म्हणाली तर लक्ष द्या. 'नाही' म्हणाली तर डॉक्टरांना विचारा!